आठ तास झोपूनही सकाळी अंग आंबलेलं, दिवसभर पेंग. काय तपासून घेऊ?

मुद्रितशोधक_वडगाव
१९ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचत होते, आज लिहायला बसले.

वय ४९. राहते वडगाव बुद्रुकला. अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचं काम करते, २३ वर्षं झाली. घरात मी, माझी आई (७८) आणि लेक. लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

झोप लागत नाही ही माझी तक्रार नाही. दहाला पाठ टेकली की पाच मिनिटांत डोळा लागतो. सहाचा गजर. म्हणजे पुरे आठ तास. आणि तरी सकाळी उठते ती रात्रभर चार घरची धुणीभांडी करून आल्यासारखी. तोंड कोरडं ठाक, कपाळ जड, हातापायांत जीव नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं होतं, पण परत आडवी झाले की लगेच झोप. चहा पोटात गेला की तासभर बरं वाटतं. अकराच्या सुमारास डोळ्यांवर झापड, जेवणानंतर तर विचारू नका. रविवारी दहा तास झोपून पाहिलं, दुपारीही झोपून पाहिलं. फरक शून्य. हे सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली.

आमच्या कामात डुलकी लपत नाही. जुलैत एका दिवाळी अंकाच्या कथेचं पहिलं प्रूफ वाचत होते. मधे काय झालं कळलंच नाही. भानावर आले तेव्हा लाल पेनाची रेघ तिसऱ्या ओळीतल्या एका वेलांटीपासून निघून तिरकी खाली समासापर्यंत गेली होती, आणि तिथे शाईचा ठिपका पसरत पसरत मसुराच्या डाळीएवढा झाला होता. पेन तिथेच टेकून राहिलं होतं. किती वेळ, देव जाणे. समोरच्या डीटीपीच्या मुलीनं पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं मान खाली घातली तेच मला जास्त लागलं.

त्याआधी जूनमध्ये चौथीच्या एका सराव-पुस्तिकेत ‘स्वातंत्र्यदीन’ असं शीर्षक माझ्या नजरेतून सुटलं आणि तसंच छापलं गेलं. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, हे मी नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. २,००० प्रती. मालक ओरडले नाहीत. ‘ताई, बरं नाही का?’ एवढंच विचारलं. त्या संध्याकाळी मंडईच्या गर्दीतून चालताना मला रडू आवरेना.

गेल्या वर्षी स्वारगेटहून बसनं निघून मंडईला उतरायचं ते मनपाला जाग आली, असं तीनदा झालं. आता स्वारगेटला मेट्रो धरते. मंडई पुढचंच स्टेशन, आणि जागा असली तरी उभीच राहते.

घराजवळच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि साखर करायला सांगितली. हिमोग्लोबिन ११.८, साखर ठीक. ‘या वयात बायकांना होतंच, मल्टीव्हिटॅमिन घ्या,’ म्हणाले. थायरॉइडची ५० ची गोळी सहा वर्षं चालू आहे, शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची. पाळी वर्षभर मागेपुढे होते आहे आणि आली की खूप जातं. वजन ६८ किलो, उंची ५ फूट १ इंच. नात्यातले लोक आळस म्हणतात. आई म्हणते, तुला लहानपणी कधी हाक मारून उठवावं लागलं नाही.

नेमकं काय तपासून घेऊ, कुणाकडे जाऊ? आणि काही कळेपर्यंत दिवस कसा काढू? पुढचे दोन महिने दिवाळी अंकांचे आहेत, रजा घेऊन भागणार नाही.


पेठेतला_वाचक
१९ ऑगस्ट, रात्री १०.०५

बी१२ आणि डी आधी करा. शाकाहारी असाल तर बी१२ कमी निघायची शक्यता जास्त. माझं १४० होतं, २०० च्या खाली कमतरता धरतात. इंजेक्शनं घेतली, दोन-अडीच महिन्यांत पायांना येणाऱ्या मुंग्या थांबल्या आणि तरतरी आली.


पर्वती_रोज
२० ऑगस्ट, सकाळी ६.५०

ताई, मी ६३ वर्षांचा आहे. १९ वर्षं रोज पहाटे पर्वती चढतो, १०३ पायऱ्या. शरीर दमलं की झोप गाढ लागते, हा माझा अनुभव. तुमचं काम दिवसभर बसून आहे, शरीराला श्रम नाहीत. महिनाभर नेमानं चढून पाहा. सकाळचं ऊनही अंगावर येतं, त्यानं रात्रीची झोप जागेवर येते.


रात्रपाळी_वारजे
२० ऑगस्ट, दुपारी १.१५

ताई, तुमची ती पेनाची रेघ वाचली आणि जेवणाचा डबा बाजूला ठेवून लिहायला घेतलं.

मी टेंपो ट्रॅव्हलर चालवतो, हिंजवडीच्या कंपन्यांची ने-आण. वय ५२. २०२१ च्या डिसेंबरात साताऱ्याहून रिकामी गाडी घेऊन येत होतो, पहाटे साडेचारची वेळ. नवीन कात्रज बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत सगळा उतार, तुम्ही वडगावच्या, तुम्हाला ठाऊकच आहे. बोगद्यातून बाहेर पडल्याचं आठवतं. त्यानंतर आठवतो तो शेजारच्या ट्रकचा हॉर्न आणि दुभाजक हातभर अंतरावर. पुढे कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, तरी स्टिअरिंगवरची बोटं सुटेनात, इतकी आवळली होती. आणि आदल्या रात्री मी नऊ तास झोपलो होतो.

बायकोनं धरून डॉक्टरकडे नेलं. माझं घोरणं तिला माहीत होतं. तिनं डॉक्टरांना सांगितलं, मधेच घोरणं थांबतं, सगळं शांत होतं, आणि मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा हे श्वास ओढतात. याला स्लीप ॲप्निया म्हणतात, झोपेतला श्वासरोध. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू आपल्याला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, पुन्हा झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही. निदान दहा सेकंद श्वास अडला की एक धरतात, पूर्ण अडलेले आणि अर्धवट अडलेले दोन्ही. तासाला असे किती, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. पाचच्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, पुढे तीव्र. माझा ४१ आला. दर दीड मिनिटाला कुणी खांदा हलवून उठवावं, तसे माझे ते नऊ तास गेले होते.

कोरडं तोंड, सकाळी जड कपाळ, रात्री लघवीला उठणं, आणि साखर मात्र ठीक, हे तुम्ही लिहिलंय ते जसंच्या तसं मला होतं. लघवीचं मी प्रोस्टेट समजून बसलो होतो. मशीन लागलं आणि आठवड्यात ते उठणं बंद झालं.

तपासणी घरीही होते. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, आणि आपल्याच गादीवर झोपायचं. छातीचे डॉक्टर किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर लिहून देतात. मला तेव्हा सहा हजारांच्या आसपास लागले. मशीनला सीपॅप म्हणतात. औषध काही नाही, दाबाची हवा असते, घशातली वाट मिटू नये म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला, असं मशीन बसवायला आलेल्या मुलानं सांगितलं होतं. पहिले पंधरा दिवस मी रात्री दोनला मास्क काढून टाकायचो. आता प्रवासाला निघालो तर कपड्यांच्या आधी मशीन पिशवीत जातं.

आज रात्री मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून झोपा. आणि दुचाकी चालवत असाल तर सगळं कळेपर्यंत चालवू नका. हात जोडून सांगतो.


निवृत्त_सिस्टर
२० ऑगस्ट, दुपारी ४.३०

मी ७२ वर्षांची, ३६ वर्षं वॉर्डात काढली. अगं-तुगं करते, रागावू नकोस.

दादांनी सांगितलं ते करच. बायकांमध्ये हे दुखणं फार सुटतं. पुरुषाला बायको घेऊन येते, हे घोरतात म्हणून. बाई एकटी येते आणि सांगते काय, तर थकवा आहे, डोकं दुखतं, झोप मोडते, उदास वाटतं. मग तिच्या हातात टॉनिक पडतं. पाळी जाण्याच्या सुमारास आणि त्यानंतर बायकांमध्ये श्वासरोध वाढतो, हे अजून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं नाही, याचा मला राग येतो.

पण तुझ्याबाबतीत मला तेवढंच वाटत नाही. पाळीत खूप जातं म्हणतेस, मग फेरिटिन केलंस का? हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातली कणीक, फेरिटिन म्हणजे कोठीतले गहू. कोठी रिकामी व्हायला आली तरी डब्यात बरेच दिवस पीठ दिसतं. तुझा तर डबाही उतरायला लागलाय, बायकांना १२ च्या खाली कमीच धरतात. फेरिटिन ३० च्या खाली आलं तर लोह कमी आहे असं समज. आणि संध्याकाळी आडवं पडल्यावर पायांत वळवळ होते का गं? हलवल्याशिवाय चैन पडत नाही अशी? लोह कमी असलं की ती होते, झोपेतही पाय झटकले जातात आणि झोप वरवरची होते. तसं असेल तर डॉक्टर फेरिटिन ७५ पर्यंत न्यायला बघतात, नुसतं ‘नॉर्मल’मध्ये आलं म्हणून थांबत नाहीत.

थायरॉइडची गोळी कशाबरोबर घेतेस? ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. मल्टीव्हिटॅमिनमध्येही ही दोन्ही बहुतेक वेळा असतातच. सर्दी-ॲलर्जीची गोळी रात्री घेत असशील तर तीही सांग, जुन्या प्रकारच्या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दुपारपर्यंत राहते.

जाताना एका कागदावर एपवर्थचे आठ प्रश्न सोडवून ने. बसून वाचताना, टीव्ही बघताना, नाटकाला किंवा सभेत गप्प बसल्यावर, तासभर गाडीत दुसरं कुणी चालवत असताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलत असताना, जेवून शांत बसल्यावर, आणि गाडी रहदारीत थांबली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली की डॉक्टरला ती पेंग गंभीरपणे घ्यावी लागते.

आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी कर. खालून गळती चालू असताना वरून टाकी किती भरणार?


मुद्रितशोधक_वडगाव
२१ ऑगस्ट, रात्री ९.२०

सिस्टर, थायरॉइडची गोळी मी सहा वर्षं सकाळच्या पहिल्या चहाबरोबर घेते आहे. बशीत गोळी, कपात चहा. आता मल्टीव्हिटॅमिनही त्याच बशीत. मला कुणी सांगितलं नाही, आणि पाकिटातला कागद मीही कधी उघडला नाही. आजपासून गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी.

पायांची वळवळ होते. उभ्यानं प्रवास होतो म्हणून असेल, असं धरून रोज तेल चोळून झोपत होते. एपवर्थची बेरीज १७.

दादा, रेकॉर्डिंग केलं. लेकीनं काल रात्री मोबाइल माझ्या उशाशी ठेवला. सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात ऐकत बसलो. आधी पंखा. मग माझं घोरणं, मला वाटलं नव्हतं इतकं मोठं. पहाटे ३.१२ ला एकदम काहीच नाही, पंखा तेवढा ऐकू येतोय. लेक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागली. १९, २०, २१. बाविसाव्या सेकंदाला घशातून खरखरत ओढलेला श्वास, कूस बदलल्याचा आवाज, आणि पुन्हा घोरणं सुरू. आईनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, ‘हे तर रोजचं आहे. मला वाटायचं, स्वप्नात दचकतेस.’ लेक काही बोलली नाही. कॉलेजला निघाली, चपला घातल्या, आणि तशीच परत आत येऊन मला घट्ट धरून उभी राहिली.

सोमवारी छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पर्वती_रोज काका, वजन उतरवायचं आहेच, पण सध्या घराचे दोन जिने चढले की कठड्याला धरून थांबावं लागतं.


सावकाश_कर्वेनगर
२२ ऑगस्ट, सकाळी ११.००

ताई, माझी सुरुवात तुमच्यासारखीच होती पण पुढचा रस्ता वेगळा निघाला. दुसरं कुणी हे वाचत असेल म्हणून लिहिते.

मी २९ वर्षांची. २०२२ च्या पावसाळ्यात डेंगी झाला. ताप आठवड्यात उतरला, थकवा उतरलाच नाही. झोपेची तपासणी केली, एएचआय २. रक्ताचं सगळं नीट. एपवर्थमध्ये माझे गुण ५, कारण मला पेंग येतच नाही. डोळे टक्क उघडे असतात आणि हात उचलायची ताकद नसते. डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं होतं, झोप येते का शक्ती जाते? आपण दोन्हीला थकवाच म्हणतो, पण तपासाची दिशा यावरून ठरते.

माझं निदान एमई/सीएफएस. सहा महिन्यांहून जास्त टिकलेली गळाठी, कितीही झोपलं तरी ताजंतवानं न वाटणं, आणि मोठी खूण म्हणजे थोडे जास्त श्रम झाले की नंतर, कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कोसळणं. काका, तुम्ही आपुलकीनं सांगता हे कळतं. पण मलाही असंच आपुलकीनं तळजाईवर फिरायला नेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी बेसिनपाशी स्टुलावर बसून दात घासले, आणि मग पुढचे दहा दिवस तसेच. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २०२१ च्या मार्गदर्शनात या आजारासाठी ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला काढून टाकला. तेव्हा चालायला सुरुवात करण्याआधी ताई, एकदा थोडं चालून दोन दिवस थांबा आणि कसं वाटतं ते तारखेसकट लिहा. बरं वाटलं तर जरूर चाला.

दिवस काढण्याबद्दल माझ्यापुरतं सांगते. पोळ्या बसून लाटते. अंघोळ आणि केस धुणं एका दिवशी करत नाही. दमल्यावर थांबत नाही, दमायच्या आधी थांबते, हे शिकायला मला दीड वर्ष लागलं. तुमच्या कामात अवघड पानं सकाळी घेता येतील का ते बघा.


पर्वती_रोज
२२ ऑगस्ट, दुपारी १२.१०

मला हे माहीत नव्हतं. कोविडनंतर माझ्या पुतणीचं असंच चाललंय आणि मी तिला दर रविवारी फोनवर हेच सांगत आलो, उठ, चालायला लाग. आज तिला फोन करून आधी तिचं ऐकतो.


मुद्रितशोधक_वडगाव
६ सप्टेंबर, रात्री ८.५०

सगळे रिपोर्ट आले. फेरिटिन ९. थायरॉइडची टीएसएच तपासणी ८.४, वाढलेली, म्हणजे गोळी असून नसल्यासारखी. बी१२ ३१०, चालेल म्हणाले. डी १८, कमी. घरी झोपेची तपासणी झाली, एएचआय २३, ऑक्सिजन एकदा ८२ पर्यंत उतरला होता. सोनोग्राफीत छोटी गाठ आहे, साधी फायब्रॉइड, त्यासाठी गोळ्या दिल्यात.

डॉक्टरांनी समोर कागद ठेवून नीट समजावलं. लोह, थायरॉइड आणि झोपेतला श्वासरोध, यातल्या एकट्या कशानंही माणूस थकतो, तुमच्याकडे तिन्ही आहेत, म्हणून एकाचा उपाय करून बाकीच्यांची वाट बघायची नाही. लोहाची गोळी एक दिवसाआड दिली आहे, दुपारी लिंबाच्या पाण्याबरोबर, आगेमागे चहा नाही. थायरॉइडचा डोस बदलला नाही, आधी सहा आठवडे नीट घेऊन पुन्हा तपासू म्हणाले. मशीन महिनाभर भाड्यानं घेतलं आहे.

शुक्रवारी मालकांना रिपोर्ट दाखवले. त्यांनी चष्मा लावून एएचआयच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? मलाच माहीत नव्हतं, म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून कामाची मांडणी बदलली. पहिलं प्रूफ साडेनऊ ते साडेबारा, तेही पंचवीस पानांपुढे नाही. दुपारी डीटीपीची मुलगी मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचते आणि मी प्रुफावर बोट ठेवून मागोमाग जाते. खिळे जुळवायच्या काळात छापखान्यांत असंच करत, एक वाचणारा आणि एक बघणारा. आवाज कानावर पडत असला की झापड येत नाही, आणि गाळलेला शब्द लगेच सापडतो. तिलाही शुद्धलेखन शिकायला मिळतंय. काल तिनं माझ्याआधी ‘शीर’ आणि ‘शिर’ मधली चूक पकडली.

पावणेदोनला गोदामात कागदाच्या रिमांच्या आडोशाला सतरंजी टाकून वीस मिनिटं पडते, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं तर उठल्यावर उलट जास्त जड वाटतं. चहा तीननंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर सहाचा चहा सोडणं सोपं गेलं. आणि उताणं झोपल्यावर श्वास जास्त अडतो, म्हणून आईनं माझ्या गाऊनच्या पाठीला आतून खिसा शिवून त्यात लेकीचा टेनिसचा चेंडू घातला आहे. ७८ व्या वर्षी सुईत दोरा तिनंच ओवला.


निवृत्त_सिस्टर
६ सप्टेंबर, रात्री ९.३०

शाबास. लोहानं शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. बद्धकोष्ठ झालं तर गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला सांगून बदलून घ्यायची. कोठी भरायला महिने लागतात, दोन आठवड्यांत उत्साह आला नाही म्हणून निराश होऊ नकोस.


मुद्रितशोधक_वडगाव
५ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

ही वेळ बघा. सकाळी सातला मी लिहिते आहे.

मशीनचे पहिले दिवस फार वाईट गेले. नाकाच्या दांडीजवळून हवा सुटून डोळ्यांत जायची, पट्ट्यात केस अडकायचे, आणि लेकीसमोर मास्क लावायची लाज वाटायची. चौथ्या रात्री दीडला मी तो काढून भिंतीकडे तोंड करून बसून राहिले होते. दादांना इथूनच निरोप केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की मास्क एक नंबर लहान घ्या आणि संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसा, झोपायच्या वेळी नवीन वाटणार नाही. मी टीव्हीऐवजी आईला पेपर वाचून दाखवत बसले. मास्कमधून आवाज वेगळाच येतो, आईला त्याचं काही वाटलं नाही.

अकराव्या सकाळी गजराआधी जाग आली. खिडकीत उजाडत होतं, खाली दूधवाल्याच्या किटल्या वाजत होत्या. मी बराच वेळ हलले नाही. काही तरी नेहमीचं नाही असं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं, कपाळ हलकं होतं. आणि रात्री एकदाही उठले नव्हते.

सगळं संपलेलं नाही. तीनच्या सुमारास अजून पाय ओढल्यासारखे होतात, पाळीच्या आठवड्यात जास्तच. पायांची वळवळ निम्म्यावर आली आहे. एपवर्थ परवा पुन्हा सोडवलं, ९. थायरॉइडची तपासणी पुढच्या आठवड्यात. पण ज्या अंकात माझ्या पेनाची ती रेघ ओढली गेली होती, तो काल छपाईला गेला. शेवटचं प्रूफ मी एकटीनं, सलग दोन तास बसून वाचलं. मला त्यात चार चुका सापडल्या, आधी दोघांच्या नजरेखालून गेल्या होत्या त्या.

दादा, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मशीनला हवा ओलसर करायची पाण्याची छोटी टाकी आहे, तीत आम्ही फिल्टरचं पाणी घालतो, तर तळाला पांढरा थर धरतोय. आणि आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, तेव्हा काय करता?


रात्रपाळी_वारजे
५ ऑक्टोबर, सकाळी ९.४५

ताई, वाचून फार बरं वाटलं. बायकोलाही वाचून दाखवलं.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला, केमिस्टकडे किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण बॅटरीवाल्याकडचं घ्यायचं तर सीलबंद कॅनच घ्या. धरलेला थर अर्ध्या व्हिनेगरच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवला की सुटतो, मग स्वच्छ धुवा. सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, शिळं ठेवायचं नाही. मास्कची नाकाकडची गादी रोज साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, चेहऱ्याचं तेल लागलं की हवा सुटते.

विजेसाठी मी इन्व्हर्टरवर घेतलंय. टाकी तापवणं बंद केलं की बॅटरी पुष्कळ जास्त पुरते. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर मास्क काढून कुशीवर झोपा, आईंनी शिवलेला चेंडू आहेच.


मुद्रितशोधक_वडगाव
५ ऑक्टोबर, रात्री ९.०५

मंडईहून येताना पाण्याचा कॅन आणला. टाकी व्हिनेगरमध्ये ठेवून धुतली, थर गेला. आता भरते आणि झोपते, उद्या दुसऱ्या अंकाची पानं यायची आहेत.